मदत हवी आहे: कोथरूडमध्ये मुलाला मोकळ्यावर खेळायला कुठे नेता?

मंडळी, मुलगा सात वर्षांचा, गेल्या महिन्यात चष्मा लागला, मायनस सव्वा. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या रोज दोन तास उजेडात बाहेर खेळू दे, नंबर वाढायचा वेग कमी होऊ शकतो, घरात ट्यूबलाइट लावली तरी ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आतच उजेड असतो आणि बाहेर सावलीतसुद्धा तो हजारोंत जातो. पटलं हो, पण खेळायचं कुठे? पार्किंगमध्ये बॉल नेला की तळमजल्यावरचे काका ओरडतात (गाड्यांना ओरखडे पडतात म्हणे), बागेत गेलो तर लॉनवर चालू नका आणि घसरगुंडीला ही लाइन.

रविवारी वेताळ टेकडीवर नेलं तर पहिली दहा मिनिटं नुसती भुणभुण, पाय दुखतात, मोबाइल दे, आणि मग मातीत नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे करून बसणारा तो किडा दिसला आणि पठ्ठ्या पाऊण तास उकिडवा बसून गवताची काडी फिरवत होता, मीच म्हटलं चल आता, ऊन चढलं. त्या रात्री न कटकट करता साडेनवाला झोपला!

पण रोज टेकडी जमत नाही, माझं ऑफिस सहाला सुटतं. तर जवळपास माती, झाडं असलेलं मैदान कुणाला माहितीये का? आणि चार-पाच पालकांनी मिळून आळीपाळीने मुलांना न्यायचं असं कुणी करतं का, केलं असेल तर पडझड, खरचटणं यावरून भांडणं होतात का तेही खरं खरं सांगा.