सदाफुलीच्या पेशी काळ्या पडतायत, मदत करा

शेवटचं_सेम:
एमएस्सी बायोटेक, प्रोजेक्ट जमा करायला दोन महिने उरलेत. सदाफुलीच्या पानापासून कॅलस (पेशींचा गोळा) केला, त्याचं सस्पेन्शन (द्रवात तरंगत्या पेशी) केलं. एमएस माध्यम (पेशींचं खाद्य), ३ टक्के साखर, वाढ झकास. आता पेशींनी हायड्रोक्विनोनला ग्लुकोज जोडून आर्ब्युटिन करायचंय (गोरेपणाच्या क्रीममध्ये असतं ते). पण हायड्रोक्विनोन घातलं की दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये कोरा चहा! तीनदा झालं. सर म्हणतात कंटॅमिनेशन. टीएलसीवर (पदार्थ ठिपक्यांत वेगळे करून ओळखायची चाचणी) आर्ब्युटिनचा ठिपका नाही.

बेन्झीनभाऊ:
एवढासा ग्लुकोज जोडायला पेशी कशाला पाळायच्या? रसायनशास्त्र बंद पडलं का?

शेकरवाली:
भाऊ, डिजिटॉक्सिनच्या बाराव्या कार्बनवर, नेमक्या बाजूला, एकच हायड्रॉक्सिल बसवून दाखवा. बाकी रेणूला धक्का न लावता. डिजिटॅलिस या वनस्पतीच्या पेशी ते करतात आणि डिजॉक्सिनसारखं हृदयाचं औषध हाती येतं.

सेम, कंटॅमिनेशन असतं तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले असते. किती घातलंस ते लिहिलं नाहीस, गोम तिथेच असणार. हायड्रोक्विनोन पेशींना विषच. त्याला ग्लुकोज जोडून रिक्तिकेत (पेशीतली साठवणीची पिशवी) कोंबणं ही त्यांची जीव वाचवायची धडपड. एकदम ओतलंस की संपल्याच. थोडं थोडं दे. आम्ही रात्री दहाचा डोस द्यायला परत लॅबला जायचो, तर वॉचमनकाका विचारायचे, "बाळाला पाजायला आलात का?" सर्पगंधेच्या पेशींनी लिटरमागे १८ ग्रॅम आर्ब्युटिन दिल्याचं १९९२ साली छापून आलंय, तेव्हा धीर सोडू नकोस.

आणि ठिपका शोधतोयस कुठे? माध्यमात? माल पेशींच्या पोटात असतो. पेशी गाळून गरम मिथेनॉलमध्ये टाक.

एक फ्लास्क पेशींशिवाय ठेव. नुसतं माध्यम आणि हायड्रोक्विनोन. रंग पेशींमुळे येतो का ते कळेल.

शेवटचं_सेम:
ताई, माध्यमच गाळून लावत होतो 🙈 आणि ५० मिलीला सगळा डोस एकदम. बिनपेशींचा फ्लास्क आज ठेवला, तोही संध्याकाळपर्यंत तपकिरी.

शेकरवाली:
हायड्रोक्विनोनचा स्टॉक (करून ठेवलेलं द्रावण) कधीचा?

शेवटचं_सेम:
गणपतीच्या सुट्टीआधीचा. पारदर्शक बाटलीत, बाकावर. आत्ता बघितलं तर बाटलीतच चहा आहे.

शेकरवाली:
हवेने त्याचं क्विनोन झालं. रोज ताजं कर, फिल्टरने निर्जंतुक कर, ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) नको. बाटलीला फॉइल गुंडाळ.

बेन्झीनभाऊ:
हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगणार होतो.