मदत हवी आहे : ताकातली बिस्किटं फुगत नाहीयेत, आणि सोबत काय देऊ?

नमस्कार मंडळी. शनिवारी सकाळी करायचंय आणि आज बुधवार, त्यामुळे घाईघाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही तीन वर्षं झाली नॉर्थ कॅरोलायनात राहतोय, रॅली शहराच्या जवळ. इकडे बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं बिस्किट नव्हे. मैदा, थंड बटर आणि ताक, यीस्ट नाही, सगळं फुगणं सोडा आणि बेकिंग पावडरवर, जाडजूड गोल, वरून सोनेरी आणि हाताने मधून उघडलं की खारीसारखे पण मऊ पदर सुटतात. ज्यांनी खाल्लंय त्यांना कळेल मी कशासाठी एवढी धडपडतेय.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, सत्त्याहत्तर वर्षांच्या. माझं बाळंतपण झालं तेव्हा आईचा व्हिसा वेळेत झाला नाही, घरात आम्ही दोघंच, आणि पहिले सहा आठवडे दर शनिवारी सकाळी या आजी टोपलीत फडक्यात गुंडाळलेली गरम बिस्किटं दारात ठेवून जायच्या, बेल वाजवली तर बाळ उठेल म्हणून फक्त मेसेज टाकायच्या. नंतरही शनिवार चुकला नाही कधी. आता दोन आठवड्यांपूर्वी त्या पायरीवरून घसरल्या, उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर आहे. काल भेटायला गेले तर म्हणाल्या, बिस्किटं केली नाहीत की शनिवार आल्यासारखा वाटत नाही गं. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे, की या शनिवारी बिस्किटं मी करून न्यायची.

तर दोनदा केली आणि दोन्ही वेळा फसली. काय काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे कुठे चुकतंय ते जाणकारांना सांगता येईल. मी घरी पाव करते म्हणून ब्रेड फ्लॉअरची मोठी पिशवी असते, तेच २ कप घेतलं, १ टेबलस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा, १ टीस्पून मीठ, ६ टेबलस्पून बटर. ताक घरचंच, कालच्या दह्याला पाणी घालून घुसळलेलं, रोज जेवताना पितो तसं. पीठ फारच सैल झालं म्हणून वरून आणखी पीठ घातलं आणि छान मळून घेतलं, पाचेक मिनिटं, अगदी गुळगुळीत गोळा होईपर्यंत, मग अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं. लाटून साधारण अर्धा इंच जाडी ठेवली, स्टीलच्या वाटीने गोल कापले, वाटी जरा फिरवून, पुऱ्या कापतो तसे. ट्रेमध्ये लांब लांब ठेवून ३७५ फॅरनहाइटला २५ मिनिटं. बाहेर आल्या त्या जाड पुऱ्याच होत्या, वरून कडक आणि आतून चिवट. दुसऱ्या वेळी वाटलं सोडा कमी पडला असेल, म्हणून २ टीस्पून घातला, तर साबणासारखी चव आली आणि वर पिवळे ठिपके. सगळी टाकून द्यावी लागली, फार वाईट वाटलं.

आजींना मी करताना एकदाच पाहिलंय. बटरचे तुकडे पिठात टाकून अंगठा आणि बोटांमध्ये चपटे करत होत्या, चुरगळत नव्हत्या, नाण्यासारख्या चकत्या होत होत्या पिठात, आणि ताक घातल्यावर तर अर्ध्या मिनिटात सगळं झालं. मापं काहीच नाहीत, सगळं अंदाजपंचे. त्यांना सरप्राइज द्यायचंय म्हणून विचारत नाहीये.

दुसरं म्हणजे सोबत काय न्यायचं? त्या स्वतः सॉसेज ग्रेव्हीबरोबर खातात, आम्ही शाकाहारी, मला ती करता येणार नाही. आईने पाठवलेला गुळांबा घरात आहे, तो बिस्किटाबरोबर चालेल का, की विचित्र लागेल?

---

प्रतिसाद १

ताई, मी अटलांटात अठरा वर्षं आहे आणि पहिलं वर्षभर माझीही अशीच चिवट व्हायची, त्यामुळे नाउमेद होऊ नका. तुमचं निम्मं उत्तर त्या पिठाच्या पिशवीत आहे. ब्रेड फ्लॉअरमध्ये प्रथिनं १२ टक्क्यांच्या वर असतात, ती पावाला हवीत, बिस्किटाला नकोत. दक्षिणेतली बिस्किटं एवढी हलकी होतात कारण इकडे पूर्वीपासून मऊ जातीचा, हिवाळी गहू वापरतात, त्यात प्रथिनं ८-९ टक्केच. व्हाइट लिली नावाचं पीठ मिळेल, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला १८८३ साली सुरू झालेला ब्रँड आहे, इकडच्या आज्या त्याच्यावरच वाढल्यात. तुमच्या गावात कुठल्याही मोठ्या दुकानात असेल. सेल्फ रायझिंग लिहिलेली पिशवी घेतलीत तर त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असतं, मग ते परत घालू नका. नाहीच मिळालं तर साधं ऑल पर्पज आणि केक फ्लॉअर निम्मं निम्मं.

आणि ओव्हन ४५० फॅरनहाइट. ३७५ फारच कमी. बटर वितळून पिठात मुरायच्या आत त्यातल्या पाण्याची वाफ झाली पाहिजे, ती वाफच पदर उचलते. १२ ते १५ मिनिटांत काम होतं. ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून ठेवा, लांब नाही. चिकटलेली असली की आडवी पसरत नाहीत, शेजारणीच्या आधाराने वर चढतात.

---

प्रतिसाद २

मी पुण्यात घरगुती बेकिंगच्या ऑर्डरी घेते. तुझं वर्णन वाचून लगेच कळलं, तू पोळीची कणीक भिजवलीस गं! आपल्या हाताला सवयच ती, तिंबायचं, मऊ करायचं, झाकून मुरवायचं. पोळीला ते बरोबर, इथे तिन्ही गोष्टी उलट. मळलं की चिवटपणा येतो, आणि झाकून ठेवलं की ताक आणि सोड्याचा जो गॅस तयार होतो तो तिथेच निघून जातो, ओव्हनमध्ये फुगायला काही उरत नाही.

करंजीच्या मोहनाशी तुलना करून बघ म्हणजे लक्षात राहील. मोहन आपण कडकडीत घालतो आणि मुटका वळेपर्यंत पिठाला चोळतो, म्हणजे प्रत्येक कणाला तूप लागतं आणि खुसखुशीत होतं. बिस्किटात बटर पिठाला लागायचंच नाहीये, वेगळं राहायचंय, चिरोट्यात साटा राहतो तसं. त्यामुळे बटर फ्रीझरमध्ये ठेव आणि मोठ्या भोकांच्या किसणीवर किसून टाक, बोटांची ऊब लागायला नको. आजींच्या त्या नाण्यांसारख्या चकत्या म्हणजे हेच, त्यांचा हात तयार आहे म्हणून जमतं, आपण किसणी घ्यायची. तुपाने करू नकोस, नानकटाईसारखं भुसभुशीत होतं, पदर नाही सुटत. घरच्या लोण्यातही पाण्याचं काही खरं नसतं, शनिवारसाठी विकतचंच घे.

आता ताक. तिकडच्या दुकानात जे बटरमिल्क म्हणून मिळतं ते विरजलेलं आणि दाट असतं, आपल्या पातळ ताकाशी त्याचा संबंध नाही. तुझ्या ताकात पाणी जास्त आणि आंबटपणा कमी, म्हणून पीठही सैल झालं आणि सोडा तसाच पडून राहिला, साबणाची चव आणि पिवळे ठिपके त्याचेच. सोड्याला आंबट लागतं, नुसता वाढवून उपयोग नाही. विकतचं आण, किंवा आंबट दही ३ भाग आणि दूध १ भाग फेटून घे. २ कप पिठाला पाऊण कप, लागलंच तर चमचा-दोन चमचे आणखी, आणि सोडा फक्त पाव टीस्पून. पीठ गोळा होईल असं वाटलं की थांबायचं, कोरडे कण दिसले तरी चालतील. ओट्यावर घेऊन हातानेच थापून तीनदा घडी घाल, तेवढेच पदर पुरतात. लाटणं नको. एक इंच जाड. आणि ती वाटी ठेवून दे! बोथट काठाने आणि फिरवल्यामुळे कडा दाबून बंद होतात, मग वर उठायला जागाच नाही. पातळ धारेचा कटर पिठात बुडवून सरळ खाली, सरळ वर.

बेकिंग पावडर जुनी आहे का तेही बघ, चमचाभर गरम पाण्यात टाक, फसफसून वर आली पाहिजे.

---

प्रतिसाद ३

वरचे दोन्ही प्रतिसाद +१. मी इंग्लंडात, डेव्हनमध्ये राहतो, इकडचे स्कोन हे याच घरातलं भावंड, पण पिठात थोडी साखर आणि पुष्कळदा अंडं, पदर कमी आणि चुरा जास्त. सोबत जॅम आणि क्लॉटेड क्रीम. इथे डेव्हनमध्ये आधी क्रीम मग जॅम, शेजारी कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग क्रीम, आणि लोक यावर खरंच हिरिरीने भांडतात. तुमच्या आजींना मात्र हे नेऊ नका, त्यांचा शनिवार वेगळा आहे.

---

प्रतिसाद ४

गुळांबा नक्की न्या. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः डोंगराळ भागात, बिस्किटावर बटर आणि सोर्घम सिरप घालून खातात. सोर्घम म्हणजे आपली ज्वारीच! गोड ताटांच्या ज्वारीचा रस काढून उसाच्या काकवीसारखा आटवतात, रंग आणि वासही काकवीच्याच वळणाचा. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर पुष्कळ काम केलंय, मधुरा नावाची जात त्यांचीच. तर ज्या जिभेला सोर्घम आवडतं तिला गुळांबा परका वाटायचं कारण नाही. वेलदोडा असेल तर थोडाच वाढा, पहिल्यांदा.

ग्रेव्ही शाकाहारीही चांगली होते. त्या सॉसेजची चव मुख्यतः सेज नावाच्या पाल्याची आणि मिरीची असते. मशरूम बारीक चिरून पाणी आटून तांबूस होईपर्यंत परता, बाजूला काढा, त्याच भांड्यात ३ टेबलस्पून बटर आणि तेवढाच मैदा मंद भाजून २ कप दूध थोडं थोडं घाला, सेज, मीठ, आणि मिरी भरपूर, ताजी भरड कुटलेली. मशरूम परत टाका. थंड झाली की घट्ट होते, नेताना जरा पातळच ठेवा.

---

प्रतिसाद ५

बाकी सगळं सगळ्यांनी सांगितलंय. मला एवढंच वाटलं की सरप्राइजचा विचार सोडा. पंचेचाळीस-पन्नास वर्षं जी बाई दर आठवड्याला हे करतेय तिला हात बांधून बसायला किती जड जात असेल. माझ्या सासूबाईंचा खांदा गेला तेव्हा आम्ही सगळा फराळ बाहेरून आणला, त्यांना आराम मिळावा म्हणून, आणि त्या दिवाळीभर गप्प होत्या. पुढच्या वर्षी त्यांना खुर्चीत बसवून विचारून विचारून केला, तर घर कसं भरलं होतं. सामान घेऊन त्यांच्याच स्वयंपाकघरात जा.

---

मूळ प्रश्नकर्ती, शनिवार दुपार

मंडळी, झाली! प्रतिसाद ५ वाचून गुरुवारीच आजींना फोन केला, पहिल्यांदा नको नको म्हणाल्या आणि मग दहा मिनिटांत त्यांचाच फोन, पीठ कुठलं घेतेयस म्हणून. व्हाइट लिलीच होती त्यांच्याकडे, आणि त्यांच्या आईच्या वेळचा पत्र्याचा कटर, त्याची धार इतकी पातळ की मी आधी बोट जपून धरलं.

त्या टेबलाशी खुर्चीत, मी ओट्यापाशी, बाळ त्यांच्या पायाशी झाऱ्यांशी खेळत होतं. किसलेलं बटर बघून त्यांनी भुवया वर केल्या पण काही बोलल्या नाहीत. ताक घालून मी चमचा फिरवला, पीठ ओबडधोबड, मला वाटलं हे काही जमणार नाही. थापलं, घडी घातली, एक, दोन, तीन, आणि सवयीने हात चौथ्यांदा गेला तसं त्यांनी उठून डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बस्स, एवढंच म्हणाल्या. त्या पिठात बटरचे पांढरे तुकडे अजून स्पष्ट दिसत होते.

१४ मिनिटं लागली. एक इंचाची जवळजवळ दोन इंच झाली, तीन-चार एका बाजूला कलली कारण माझा कटर सरळ गेला नव्हता, आजींनी त्यातलंच एक उचललं. उघडल्यावर वाफ आली आणि पदर मोजता येतील असे सुटले. ग्रेव्हीत गुठळ्या झाल्या होत्या, चाळणीतून काढली, दोनदा वाढून घेतली त्यांनी. गुळांबा आधी बोटाच्या टोकावर चाखला, मग बटरवर चमचाभर, मग बरणीचं झाकण लावून ती बरणी फळीवर मधाच्या शेजारी ठेवून दिली, मी परत न्यायची नाही हे ठरलंच. पुढच्या शनिवारीही मला यायचंय, वेळ साडेसात, असंही सांगितलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता एकच विचारायचंय, पुढच्या वेळी डबल करून कच्चीच फ्रीझरमध्ये ठेवली तर चालतील का? प्लास्टर निघेपर्यंत मधल्या वारीही त्यांना दोन-दोन भाजून घेता येतील.

---

प्रतिसाद २ वाली

अगं किती छान! हो, चालतात. कापून ट्रेवर सुटी सुटी ठेवून कडक गोठव, मग पिशवीत भर, महिनाभर सहज राहतील. भाजताना वितळू द्यायची नाहीत, फ्रीझरमधून थेट गरम ओव्हनमध्ये, ४-५ मिनिटं जास्त. पिशवीवर तारीख मोठ्या अक्षरात लिही, आणि झिप त्यांना एका हाताने उघडता येतेय ना ते बघून घे.