मदत हवी आहे: १९५२ची एमजी टीडी, इथेनॉलचं पेट्रोल आणि ठिबकणारा कार्बोरेटर

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९५२ची एमजी टीडी आहे. दोन सीटांची, १२५० सीसीची, लांब मडगार्डांची उघडी गाडी. आजोबांनी १९६४ साली मुंबईहून सेकंडहँड आणली, तेव्हापासून ती कोल्हापुरातच आहे. त्यांच्यानंतर बाबांनी सांभाळली. मी ड्रायव्हिंग हिच्यावर शिकले. कॅनव्हासचा टप आईने दोनदा घरच्या मशीनवर शिवलाय. आणि माझी पंधरा वर्षांची लेक दर रविवारी सकाळी तिच्या आजोबांबरोबर, म्हणजे बाबांबरोबर, गॅरेजात असते. दसऱ्याला पूजा झाली की सगळ्यांनी आळीपाळीने शेजारच्या सीटवर बसून चक्कर मारायची, हा आमच्या घरचा रिवाज. या वर्षी तो चुकेल अशी भीती वाटते, म्हणून हा धागा.

किल्ली फिरवली की पेट्रोलचा विजेवरचा पंप टकटक करायला लागतो. दोन्ही कार्बोरेटरांच्या (इंजिनात जाणारं पेट्रोल हवेत मिसळणारे भाग) पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या भरत आल्या की टकटक मंदावते, मग थांबते. त्यानंतर स्टार्टरची मूठ ओढायची. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ते पंपाजवळच्या पत्र्यावर तळहात ठेवतात आणि टोले हाताला मोजतात. लेक मोठ्याने आकडे म्हणते. पूर्वी पंधरावीस टोल्यांत पंप गप्प व्हायचा. गेल्या पावसाळ्यानंतर तो थांबतच नाही. नुसती किल्ली चालू ठेवली तरी दर चारपाच सेकंदांनी एक टक. पुढच्या कार्बोरेटरला खालून बोट लावलं की ओलं लागतं आणि पेट्रोलचा वास हातावरून जात नाही. एक्झॉस्ट बरोबर त्याच्याच खाली आहे, त्यामुळे गाडी सुरू करणं सध्या बंद केलंय.

रबरी नळ्याही लिबलिबीत झाल्यात. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, हे त्यामुळेच का? जाणकारांनी सांगावं.

आणखी एक दुखणं. मध्ये एका गॅरेजला दिली होती. तिथल्या पोराने इंजिनाच्या पुढच्या बाजूचा एक बोल्ट हरवला आणि दुकानातला साधा ८ एमएमचा बोल्ट पाना लावून दामटला. या इंजिनाची गंमत माहीत असणाऱ्यांना माहीत आहे: बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, पण आटे मेट्रिक, तेही बारीक, १ एमएम पिचचे (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). साधा बोल्ट १.२५ पिचचा. ब्लॉकमधले आटे सगळे खाऊन टाकले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून ठरवलंय, गाडी घराबाहेर द्यायची नाही, जे करायचं ते आपल्या हाताने. त्यामुळे 'अमक्याकडे रिस्टोरेशनला द्या' हा सल्ला कृपया नको.

शेवटचं, कागदपत्रांचं. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर नूतनीकरणाला ५ हजार. बाबांचा जीव जुन्या नंबरात अडकलाय. तो जाणार असेल तर ते तयारच होणार नाहीत.

प्रतिसाद

ताई, पंपाला दोष देऊ नका, तो आपलं काम करतोय. थांबून थांबून टक म्हणजे पेट्रोल कुठून तरी बाहेर जातंय. या एसयू कंपनीच्या कार्बोरेटरात जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या) दांड्याभोवती कॉर्कच्या बारीक चकत्या असतात. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की त्या वाळतात आणि गळतात. जेट खोलून चकत्या बदला. नवा कॉर्क असेल तर बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलात भिजवा. व्हिटनच्या (एक टिकाऊ कृत्रिम रबर) रिंगा मिळाल्या तर उत्तमच, त्यांना इथेनॉलचं काही होत नाही. हात घातलाच आहे तर वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई आणि तिची सीटही बघून घ्या. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आर-९ दर्जाच्याच घ्या, साध्या पुन्हा सुजतील.

सगळं बसवल्यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण तपासा, कारण इथेनॉलवर ते पातळ पडतं. इंजिन गरम झालं की कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम पाऊण एमएम उचला. इंजिन मरायला लागलं तर पेट्रोल कमी पडतंय, जेटखालचं नट किंचित खाली फिरवा. इंजिनाचा वेग चढला आणि चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. जरा चढून परत जागेवर आला तर बरोबर. आणि पावसाळ्यात टाकीत इथेनॉलचं पेट्रोल ठेवून गाडी महिनोन् महिने उभी करू नका. इथेनॉल ओल ओढतं, टाकी आतून गंजते.

प्रतिसाद

आट्यांचं टेन्शन घेऊ नका. हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी) बसवून मूळ मापाचे आटे परत करता येतात, फक्त ८ बाय १ चा संच मागा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांना तोंडी सांगू नका, मूळ बोल्ट हातात द्या.

नंबराचं म्हणाल तर आधीपासून रीतसर नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. 'व्हीए' मालिका नव्याने नोंदणाऱ्यांसाठी आहे. पण एक लक्षात घ्या: विंटेज नोंदणीची गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. घरात बसून हे आधी बोला.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. नंबराचं बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच कपाटातून जुनं आरसी बुक काढलं. रविवारी जेट खोललं. पुढच्या कॉर्कचा अक्षरशः भुगा झाला होता, लेकीने तो डबीत जपून ठेवलाय. नवे कॉर्क आज रात्री ऑइलात. व्हिटनच्या एवढ्या लहान मापाच्या रिंगा कोल्हापुरात किंवा पुण्यात कुठे मिळतील, कुणाला माहीत आहे का?