चिखल्यांवर करंजेल: जंतू खरंच मरतात का?

खाडीकाठ: लावणीचा आठवडा झाला आणि पायाच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलल्या. आजी रोज रात्री करंजेल चोळते. वास असा की मांजरसुद्धा अंथरुणाकडे फिरकत नाही! आराम पडतो खरा. पण तेलात काही गुण आहे, की नुसतं पाणी लागत नाही म्हणून?

रातांबा: दोन्ही असेल. करंजाच्या बीत करंजिन नावाचं द्रव्य असतं, बियांच्या अर्कानं प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखलेली दिसते. पण काचेच्या बशीतलं पायावर तसंच घडेल असं नाही. त्यात चिखल्या बहुतेक बुरशीच्या, जिवाणू मागाहून शिरतात. आधी बेचक्या कोरड्या करा. पू आला, लाली वर चढली किंवा चिखल्या झालेल्याला मधुमेह असेल तर सरळ डॉक्टर.

गडग्यापलीकडे: असाच घरगुती उपाय म्हणून आमच्यात जुलाबाला कुड्याची साल देत. पांढऱ्याचीच हं, कोनेसीन नावाचं द्रव्य त्याच्या सालीत. काळा कुडा वेगळा, बाजारात मात्र बिनदिक्कत मिसळतात.

खाडीकाठ: आजीला बुरशीचं सांगितलं. म्हणाली, "बुरशी लोणच्याला येते, पायाला नाही." पाय पुसतोय.