घरगुती निवासाची वेबसाइट गूगलवर दिसतच नाही, काय करावं?

नारळी_पोफळी
मंडळी, नमस्कार. वेळणेश्वरला (ता. गुहागर) सासूबाई-सासरे चार खोल्यांचा घरगुती निवास चालवतात. जेवण घरचंच, मासे आणि शाकाहारी दोन्ही. मी ठाण्यात असते, त्यामुळे फोन आणि बुकिंगचं खातं माझ्याकडे. दिवाळीनंतर एका ओळखीतल्या माणसाकडून वेबसाइट करून घेतली, २८ हजार मोजले. दिसायला झकास आहे. पण गूगलवर 'वेळणेश्वर होमस्टे' टाकलं की बुकिंगवाल्या मोठ्या कंपन्या येतात, शेजारचे येतात, पार हेदवीतलेसुद्धा येतात. आम्ही पाचव्या पानापर्यंत नाही.

आता एक जण महिना ६ हजार मागतोय, 'तीन महिन्यांत पहिल्या पानावर, लेखी हमी'. सासरे म्हणतात, पैसे समुद्रात टाकायचेच असतील तर तो घरासमोरच आहे. द्यावेत का पैसे? की घरबसल्या काही करता येईल?

बाइट_बाबुराव
ताई, आधी ते ६ हजार खिशात ठेवा. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. जाहिरात दिल्यानेही खालच्या फुकट निकालांतला क्रम हलत नाही.

एक करून बघा. गूगलच्या चौकटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत, लगेच अपूर्णविराम (:) आणि त्याला चिकटून तुमच्या साइटचा पत्ता. किती पानं येतात ते सांगा.

नारळी_पोफळी
एकही नाही!

बाइट_बाबुराव
वाटलंच होतं. गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, दुव्यांवरून दुव्यांवर फिरत पानं वाचतो, मग ती आपल्या सूचीत टाकतो आणि कुणी काही शोधलं की त्या सूचीतून क्रम लावतो. तुम्ही शर्यतीत मागे नाही पडलात, तुमचं नावच नोंदवलेलं नाही.

साइट वर्डप्रेसवर (साइट बांधायची तयार प्रणाली) आहे का? असेल तर सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. तळाशी सर्च इंजिन व्हिजिबिलिटीचा चौकोन आहे. साइट बांधताना त्यात टिचकी मारून ठेवतात, म्हणजे अर्धवट पानं बाहेर दिसत नाहीत. काम संपल्यावर ती काढायला विसरतात. मी हे किमान चार जणांच्या बाबतीत पाहिलंय.

भटक्या_पक्का
अवांतर: वेबसाइट हवीय कशाला? इन्स्टावर रील टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग घ्या. आम्ही मागच्या मे महिन्यात तसेच गेलो होतो.

नारळी_पोफळी
बाबुराव, दंडवत! टिचकी होती. काढली. २८ हजार घेणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, ते तुम्हीच बघायचं असतं." असो.

@भटक्या_पक्का, रील आहेतच. पण दोन दिवसांत खाली जातात, आणि पन्नाशीचे पाहुणे गूगलवरच शोधतात.

तवसाळ_जेटी
मी गुहागरचाच. ताई, वेबसाइटच्या आधी नकाशा. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. तिथे निवासाची नोंद करा, पडताळणी करून घ्या (बऱ्याचदा जागेचा व्हिडिओ मागतात, तो सासऱ्यांना काढायला सांगा, पाटी दिसू दे). नकाशातला क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा मेळ किती, तुम्ही किती जवळ, आणि तुमचा बोलबाला किती. जवळ-लांब आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत.

पाहुणे निघताना त्यांना परीक्षण लिहायला सांगा, त्याला उत्तरही द्या. मात्र 'परीक्षण द्या, सोलकढी फ्री' असलं काही नको. मोबदला देऊन परीक्षणं घेणं नियमात बसत नाही.

क्लिक_क्लिक
माझ्या भावाने एका माणसाकडून दोनशे डिरेक्टऱ्यांमध्ये (वेबसाइटांच्या याद्यांमध्ये) लिंक टाकून घेतल्या, ८ हजारांत. तसं करा.

बाइट_बाबुराव
कृपया नको. लिंकला किंमत का आली ते सांगतो. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोघांनी पेजरँकची कल्पना मांडली. एका पानाने दुसऱ्याचा दुवा दिला की ते मत धरायचं, पण सगळ्यांच्या मताला सारखं वजन नाही. ज्याला स्वतःला वजनदार दुवे मिळालेत, त्याचं मत जड. गावात सरपंचाने नाव घेणं आणि एसटी स्टँडवर कुणी घेणं यात फरक असतो ना, तसंच. मग लोक मतं विकत घ्यायला लागले. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि असल्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट धडाधड खाली गेल्या. आता बऱ्याच लिंका नुसत्या दुर्लक्षित होतात, म्हणजे ८ हजार वायाच.

तुमच्याकडे राहून गेलेल्या एखाद्या ब्लॉगवाल्याने मनापासून लिहिलं तर ती एक लिंक त्या दोनशेंना भारी. तसंच, तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'होमस्टे होमस्टे' लिहिण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दडलेली शब्दांची यादी, तर आपण बघतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय.

अक्षरशत्रू_नाही
डीटीपी करतो, म्हणून एक वेगळा मुद्दा. ताईंची साइट आत्ताच पाहिली (व्यनि, म्हणजे खाजगी निरोप, केला होता). दरपत्रक आणि जेवणाची माहिती म्हणजे फोटोच आहेत. माणसाला ते वाचता येतं, पण चित्रातल्या अक्षरांवर शोधाची भिस्त ठेवू नये. 'आमच्याविषयी'चा मजकूर जुन्या, बिगर-युनिकोड फाँटमधला दिसतोय (युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत). तो नोटपॅडमध्ये डकवून बघा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर गूगललाही ती खिचडीच दिसते. मराठी साइटना हा रोग फार. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, मी करून देतो, पैसे नकोत, एकदा मोदक खिलवा.

आणि लोक शोधतात कसं? मराठी माणूससुद्धा रोमन अक्षरांत टाइप करतो. पानाच्या शीर्षकात मराठीबरोबर इंग्रजी नावही असू द्या. आत्ता सगळ्या पानांचं शीर्षक 'होम' आहे!

तवसाळ_जेटी
+१. अजून एक. 'कोकण होमस्टे'वर बुकिंग कंपन्यांशी झुंजू नका, हरणार. त्यांना जे माहीत नाही ते लिहा. गणपतीपुळ्याहून येणाऱ्याला जयगड-तवसाळ फेरीबोट सोयीची, दापोलीकडून येणाऱ्याला दाभोळ-धोपावे. रेल्वेने आलं तर चिपळूणला उतरून पुढे रस्त्याने. हेदवीची बामणघळ (समुद्रकाठच्या खडकातली घळ) भरतीच्या वेळी का बघायची. आजी-आजोबांना खोलीपर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात. पोफळीच्या बागेत मुलांना फिरू देता का. आम्हा स्थानिकांना हे सांगण्यासारखं वाटतच नाही, पण पुण्या-मुंबईचे लोक फोन करून नेमकं हेच विचारतात.

नारळी_पोफळी
तीन आठवड्यांनी आले. नकाशावर नोंद झाली, सात परीक्षणं आली. मजकूर युनिकोडमध्ये झाला (मोदक पोचतील). फोटो आठ-आठ एमबीचे होते, ते लहान केले, आता मोबाइलवर पान पटकन उघडतं. गूगल सर्च कन्सोलही (आपली पानं गूगलवर कशी दिसतात ते दाखवणारी गूगलचीच सोय) जोडलं. साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) दिला, मुख्य पानासाठी इंडेक्सिंगची, म्हणजे सूचीत घेण्याची, विनंती केली. आता सूचीत अकरा पानं आहेत. 'वेळणेश्वर होमस्टे'ला दुसऱ्या पानावर दिसतो.

गंमत म्हणजे कन्सोलमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं पान खोल्यांचं नाही, फेरीबोटींचं आहे. काल एका गृहस्थांचा फोन आला. मी आनंदाने दर सांगायला लागले तर म्हणाले, "खोली नको हो, शेवटची बोट कितीला ते सांगा."

बाइट_बाबुराव
बोट चुकली तर मुक्काम कुठे, हे त्याच पानावर लिहिलंय का?

नारळी_पोफळी
नाही! आत्ता लिहिते.