हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग आणि हेदवीची बामणघळ : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन नाशिकहून कसारा घाट, पनवेल, माणगावमार्गे हरिहरेश्वरला जायचंय. देवळामागून कड्याच्या कपारीतून समुद्राकाठी उतरणारा प्रदक्षिणा मार्ग आईला करायचाच आहे, पण तो ओहोटीलाच शक्य. पुढे बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीने हेदवी. तिथली बामणघळ मात्र भरतीलाच बघावी; त्या अरुंद भेगेत लाट शिरून उंच उसळते! भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून तिथीच नीट निवडावी म्हणते.

आईचे गुडघे दुखतात. प्रदक्षिणा मार्गाच्या पायऱ्या तिला झेपतील का? खडक शेवाळलेले असतात का? घळीपासून किती लांब उभं राहावं? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.