स्पॅनिश + इंटरनॅशनल कम्युनिकेशन करू का? बाबा म्हणतायत जर्मन घे

चहाबिस्किट

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे आणि लांबलीय, आधीच सॉरी. मी टीवाय बीए इंग्लिशला आहे, कॉलेज सांभाळून रानडेला स्पॅनिश केलं, आता स्वतःच बी१ ची (म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीची, त्याच्या वरची बी२) तयारी चाललीय. म्हणजे वाचलेलं बरंचसं कळतं, बोलताना मात्र ततपप. आता मास्टर्ससाठी इंटरनॅशनल कम्युनिकेशन करायचं डोक्यात आहे आणि तेही स्पॅनिश सोडून नाही. दोन रस्ते दिसतायत, एक म्हणजे स्पेनमधला एक वर्षाचा, ६० क्रेडिट्सचा मास्टर, तो स्पॅनिशमधूनच आहे, आणि दुसरा म्हणजे पुण्यातच मास कॉम करायचं आणि संध्याकाळी स्पॅनिश चालू ठेवायचं. घरी बाबांचं एकच पालुपद, जर्मन घे, चाकणला नोकरी लागेल, स्पॅनिश कोण विचारतंय. मावशीने तर स्पेन म्हणजे टोमॅटो फेकतात तेच ना असं विचारलं. मला भांडायचं नाहीये पण उत्तर पण देता येत नाहीये, कारण खरंच मला माहीत नाही की हे करून माणूस नेमकं करतो काय. कोणी केलंय का? खरं खरं सांगा, गोड नको.

चाकणची_शिफ्ट

बाबांना सांग की चाकण आता फक्त जर्मनांचं राहिलेलं नाही. गेस्टॅम्प, अँतोलिन या स्पॅनिश कंपन्यांचे प्लांट इकडेच आहेत, सीआयई पण मूळची बिल्बाओची. पण तू गोड नको म्हणालीस म्हणून पुढचं पण ऐक. शॉपफ्लोअरवर काम चालतं मराठी-हिंदीत आणि मेल इंग्रजीत. स्पॅनिश येणारा इंजिनिअर, स्पॅनिश येणारा परचेसवाला यांना भाव आहे, नुसती भाषा घेऊन गेटवर आलीस तर एचआर पहिला प्रश्न विचारणार, बरं, आणि अजून काय येतं? त्यामुळे तुझा प्लस कम्युनिकेशनवाला विचार चुकीचा नाही, तो प्लस जरा जाड हवा एवढंच.

माझ्या मते खरी मागणी स्पेनपेक्षा लॅटिन अमेरिकेची आहे. आपली आकुर्डीची बजाज कोलंबिया, मेक्सिकोत धडाक्यात गाड्या विकते. मी एक्स्पोर्टमध्ये होतो, मेक्सिकोत सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, त्यामुळे जेवणाचं ताट आणि कॉल एकाच वेळी. आणि तिथला माणूस 'आओरिता' म्हणाला, म्हणजे शब्दशः 'आत्ताच्या आत्ता', तर ते आपल्या 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो'सारखं समजायचं. हे मला डिक्शनरीने नाही शिकवलं, तीन वेळा शिपमेंट लटकली तेव्हा कळलं.

पेठेतला_खवीस

कशाला एवढा खटाटोप? फोन समोर धरला की एआय ट्रान्सलेट करतं, दोन वर्षांत भाषेचे क्लासेस बंद पडणार. त्या पैशात एमबीए होईल.

चाकणची_शिफ्ट

@पेठेतला_खवीस काका, हाच उद्योग आमच्या आधीच्या कंपनीत एका साहेबांनी केला होता. अर्जेंटिनाला जाणारं असेंब्लीचं इन्स्ट्रक्शन शीट मशीनमध्ये टाकलं आणि आलं तसं छापलं. 'पार्ट हातात घ्या' याला त्याने 'कोहेर' हे क्रियापद दिलं. स्पेनमध्ये एकदम सभ्य शब्द, बस पकडण्यापासून पेन उचलण्यापर्यंत सगळीकडे चालतो. अर्जेंटिनात त्याचा अर्थ काय होतो ते इथे लिहिलं तर मॉडरेटर उडवेल. तिकडच्या डीलरने शीटचे फोटो काढून हसणाऱ्या इमोजींसकट परत पाठवले. मशीनचं स्पॅनिश बरोबरच होतं हो, देश चुकीचा होता.

ला_प्रोफे_ताई

😂😂 हे मी क्लासमध्ये सांगणार.

चहाबिस्किट, मी अकरा वर्षं स्पॅनिश शिकवतेय त्यामुळे थोडं लेक्चर सहन कर. तुझी ततपप बहुतेक इंग्रजीतून विचार केल्यामुळे होतेय. मराठी मुलांना मी पहिल्या आठवड्यातच सांगते की इंग्रजी बाहेर चपलांजवळ ठेवून या. 'मे गुस्ता एल ते', शब्दाला शब्द ठेव, मला आवडतो चहा. वाक्यात कर्ता चहा आहे, मी नाही. चहा आवडतो, भजी आवडतात, तसंच गुस्ता आणि गुस्तान. इंग्रजी मीडियमची पोरं 'यो गुस्तो, यो गुस्तो' करत महिना काढतात आणि घरी आईशी मात्र बरोबर वाक्यरचनेत बोलतात! सुब्हुन्तिवोचं, म्हणजे इच्छा-शक्यता सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाचं पण तेच, सगळे रडतात. अगं 'त्यानं यावं असं मला वाटतं' यातलं 'यावं' म्हणजे दुसरं काय आहे? 'पाऊस पडला असता तर' हे काय आहे? शाळेत विध्यर्थ, संकेतार्थ मार्कांसाठी पाठ केले ते इथे कामाला येतात. उच्चारात पण त आणि द आपले दातांवरचेच, फक्त माद्रिद म्हणायचं, मॅड्रिड नाही. आणि पगार, चावी, साबण हे पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले शब्द, त्यांची चुलत भावंडं स्पॅनिशमध्ये भेटतात, 'पागार' म्हणजे पैसे देणं.

अडतं कुठे तर सेर आणि एस्तार या दोन 'असणे'वाल्या क्रियापदांना, कारण आपल्याकडे एकच 'आहे'. तो कंटाळवाणा आहे आणि तो कंटाळलाय, दोन्हीला शब्द एकच, आबुरिदो, आणि सगळा फरक 'एस' की 'एस्ता' यावर. इथे चुकलीस तर समोरचा दुखावतो. आणि तू-तुम्हीचं गणित, ते आपल्याला येतं असं वाटतं पण नाही येत. स्पेनमध्ये दुकानदारसुद्धा पटकन 'तू'वर येतो, बोगोटात मात्र जवळचे मित्र एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे आपल्या हिशोबाने तुम्ही! पुण्याच्या माणसाला दोन्हीकडे अपमान झाल्यासारखं किंवा टोमणा मारल्यासारखं वाटू शकतं.

आता कामाचं. स्पॅनिशमधून शिकवणारे मास्टर बहुतेक ठिकाणी बी२ मागतात, आणि मागितलं नाही तरी बी२ शिवाय जाऊ नकोस. बी१ वर तिथल्या थिअरीच्या लेक्चरला बसणं म्हणजे टिळक टँकला पोहता येतं म्हणून थेट समुद्रात उडी मारणं. स्पॅनिशची परीक्षा देणार असशील तर डेले आणि सिएले अशा दोन आहेत, डेलेचं सर्टिफिकेट कायमचं असतं, सिएलेचं पाच वर्षं. इथे कोणी बारावीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी, पूर्ण स्पॅनिशची बीए हवी असेल तर जेएनयू, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचं इफ्लू बघा.

खरखरता_रेडिओ

भाषेचं सगळ्यांनी सांगितलं, मी कम्युनिकेशनचं सांगतो कारण तिथे खरी फसगत होते. एकाच नावाखाली दोन भलतेच कोर्स असतात. एकात पीआर, ब्रँड, प्रेझेंटेशन, परदेशी क्लायंटशी कसं वागावं वगैरे. दुसऱ्यात बातमी कुठून निघते, कोणाच्या एजन्सीतून येते, कोणाच्या भाषेत सांगितली जाते हे. नावावर जाऊ नकोस, सिलॅबस काढून वाच आणि शिकवणाऱ्यांनी आधी काय काम केलंय ते बघ. मी नावावर गेलो होतो, पहिल्या सेमिस्टरला पॉवरपॉइंटमध्ये फाँट कुठला वापरावा हे शिकलो.

दुसऱ्या प्रकारात जाणार असशील तर स्पॅनिशसारखी भाषा नाही, हे मात्र शपथेवर. कारण या विषयातलं अर्धं भांडण लॅटिन अमेरिकेने उभं केलंय. युनेस्कोने मॅकब्राइड कमिशन नेमलं होतं, जगातली माहिती श्रीमंत देशांकडूनच का वाहते या प्रश्नावर, १९८० ला रिपोर्ट आला. त्यात गाब्रिएल गार्सिया मार्केस मेंबर होता, हो तोच, कोलंबियाचा नोबेलवाला कादंबरीकार, आणि भारताकडून पत्रकार बी. जी. व्हर्गीस. पुढे अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली त्यामागच्या कारणांत हा वाद पण होता. मग हेसूस मार्तीन-बार्बेरो हा मीडियाचा अभ्यासक, जन्म स्पेनचा पण काम कोलंबियात, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की टीव्हीने लोकांचं काय केलं हे विचारण्यापेक्षा लोकांनी टीव्हीचं काय केलं ते बघा. आठवतंय का, २००३ ला आपल्याकडे चष्मा आणि दातांना तारा लावलेल्या मुलीची हिंदी सिरीयल होती, अख्खी सोसायटी बघायची? मूळ कोलंबियन मालिका. बोगोटाची गोष्ट आपल्या आजीने आपली म्हणून पाहिली, हा सरळ डेझर्टेशनचा विषय आहे.

अजून एक फुकट देतो. कोलंबियात १९४७ ला एका पाद्र्याने सुतातेन्सा गावात रेडिओ सुरू केला, शेतकऱ्यांना लिहावाचायला शिकवायला. आणि १९५६ ला इकडे आकाशवाणी पुणे आणि युनेस्कोने मिळून रेडिओ फोरम केले, दीडशेच्या आसपास गावांत लोक एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर चर्चा करायचे. दोन्हीची तुलना करायला स्पॅनिश पण यायला हवं आणि मराठी पण. अशी माणसं किती असतील सांग. म्हणून म्हणतो, स्पेनला जा नाहीतर इथे रहा, पण मराठी सोडू नकोस, तुझ्याकडचा दुर्मिळ माल तोच आहे.

चहाबिस्किट

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. ताई, काल रात्री आरशासमोर मराठीतून विचार करून बोलून बघितलं आणि गुस्तान खरंच आपोआप आलं!! सध्या असं ठरवतेय की हे वर्ष पुण्यातच बी२ करायचं, तोवर सिलॅबस वाचायचे, आणि रेडिओ फोरमवाल्या गावांपैकी एखादं सापडतं का बघायचं, आज्जीचं माहेर त्याच भागातलं आहे. स्पेनचा खर्च कसा जमवायचा तो वेगळा धागा काढेन. युरोपियन युनियनची इरास्मुस मुंडुस स्कॉलरशिप महिना १४०० युरो देते असं वाचलंय, मिळालेलं कोणी असेल तर त्या धाग्यावर या प्लीज.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. मार्केस वगैरेला त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही. मग विचारलं, कोलंबियात आपली पल्सर खरंच चालते?

चाकणची_शिफ्ट

चालते काका, भरपूर चालते. आणि अर्जेंटिनात तिचं नाव राउसर आहे. का ते मुलीला विचारा, तोवर शिकलेली असेल.